आधी हात, मग कीबोर्ड

अगं, स्वतःच्या हातानं कीबोर्ड बनवायचा म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं. बनवच. दिवसातले आठ-नऊ तास ज्या वस्तूवर आपली बोटं असतात, ती आपल्या मापाची असावी, हा हट्ट अजिबात अवाजवी नाही. फक्त सुटे भाग मागवायच्या आधी जरा माझ्याजवळ बस. मीही तुझ्यासारखीच दिवसभर कोड आणि मराठी मजकूर दोन्ही टाइप करते, आणि तेही मी स्वतः जोडलेल्या, दोन भागांत विभागलेल्या कीबोर्डवर. त्यामुळे कुठे पैसे घालायचे, कुठे धीर धरायचा आणि कुठे सरळ नाही म्हणायचं, ते तुला मोकळेपणानं सांगते.

सगळ्यात आधी तब्येतीचं. हात दुखतात म्हणून कीबोर्ड बदलायला निघाली असशील, तर पहिली फेरी डॉक्टरकडे मार. रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं का? हातातला कप निसटतो का? अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं की अंगठ्याच्या मुळाशी सणक जाते का? बधिरपणा मनगटातली नस दाबली गेल्यामुळे असू शकतो, आणि ती सणक अंगठ्याच्या कंडरांवरचं आवरण सुजल्यामुळे. बाळाला सतत उचलणाऱ्या नव्या आयांना हे दुसरं दुखणं बरेचदा होतं. दोन्ही वेळीच पकडली तर लवकर आटोक्यात येतात. चांगला कीबोर्ड हातावरचा ताण कमी करतो, पण तो औषध नाही. ‘नवा कीबोर्ड आला की बघू’ म्हणत दुखणं अंगावर काढू नकोस.

आता साध्या कीबोर्डमध्ये खुपतं काय, ते समजून घे, म्हणजे बनवताना कशासाठी काय करतोय ते कळेल. साध्या कीबोर्डच्या ओळी एकमेकींच्या सरळ खाली नसतात, थोड्या बाजूला सरकलेल्या असतात. हे वळण १८७४ साली बाजारात आलेल्या शोल्स अँड ग्लिडन टाइपरायटरपासून चालत आलं आहे. तिथे प्रत्येक बटणाला खाली एक लांब दांडी होती. शेजारच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून ओळी सरकवाव्या लागल्या. दांड्या गेल्या, तिरकेपणा तेवढा उरला. त्यात दोन्ही हात छातीसमोर एकत्र आणल्यामुळे मनगटं करंगळीच्या दिशेनं वाकतात, तळवे पूर्ण पालथे ठेवल्यामुळे कोपरापासूनचा हात पिळला जातो, आणि कीबोर्डचे मागचे पाय उघडले की मनगट वर मुडपतं. शिवाय कामाची वाटणी बघ. सगळ्यांत दणकट असे दोन अंगठे मिळून एकच स्पेसबार सांभाळतात, आणि शिफ्ट, कंट्रोल, एंटर, बॅकस्पेस हा सगळा भार बिचाऱ्या करंगळ्यांवर.

हे दुखणं ओळखणारी माणसं पूर्वीपासून आहेत. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात टायपिंग शिकवणाऱ्या लिलियन माल्ट आणि अभियंते स्टीफन हॉबडे यांनी माल्ट्रॉन घडवला. त्यात बटणं वाटीसारख्या खोलगट भागात बसवली, अंगठ्यांना स्वतःची बटणं दिली. माल्टबाईंच्या अक्षररचनेत तर इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारं ‘ई’ हे अक्षर डाव्या अंगठ्याखाली आहे. टायपिस्टचे हात रोज बघणाऱ्या बाईचा त्यात वाटा होता, हे मला फार मोलाचं वाटतं. मग १९९२ मध्ये अमेरिकेतल्या किनेसिसनं तसाच खोलगट कीबोर्ड काढला आणि १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा मधून फाकलेला ‘नॅचरल’ सामान्य दुकानांत पोचला. पुढे एर्गोडॉक्स हा दोन भागांचा कीबोर्ड आला आणि त्याचे आराखडे कुणालाही वापरायला मिळाले. मग जपानी हौशी मंडळींनी कॉर्न आणि लिली५८ हे आराखडे खुले केले. मॅट ॲडरेथ यांनी डॅक्टिल हा थ्रीडी प्रिंट करायचा खोलगट साचा प्रोग्रॅम लिहून बनवला. आज तू घरी बसून कीबोर्ड बनवू शकतेस, ते या लोकांच्या मोकळ्या हातामुळे.

या सगळ्यांतून घ्यायच्या गोष्टी चारच. दोन भाग खांद्याएवढ्या अंतरावर. आतली कड थोडी उचललेली, म्हणजे तळवे एकमेकांकडे कलतात आणि हाताचा पीळ सुटतो. बटणं उभ्या रांगांत, प्रत्येक रांग त्या-त्या बोटाच्या लांबीनुसार वरखाली. आणि अंगठ्याला खरं काम. बाकी दिवे, छोटे पडदे, फिरणाऱ्या खुंट्या ही हौस आहे. हौस करावी, पण नंतर.

कुठला आराखडा निवडायचा, हे कुणाचा फोटो बघून ठरवू नकोस. ब्लाउज शिवायला टाकताना आपण दुकानातल्या पुतळ्याचं माप देतो का? इथेही तसंच. एक कोरा कागद टेबलावर ठेव, खुर्चीत नीट बस, कोपरं अंगालगत सैल सोड, डोळे मीट आणि हात कागदावर सहज टेकव. बोटांची टोकं जिथे येतील तिथे खुणा कर. असं दोन-तीनदा कर. मधल्या बोटापेक्षा करंगळी किती खाली येते ते बघ. मग तुला आवडलेल्या आराखड्यांची चित्रं मूळ आकारात छापून घे. छापताना पानात बसवायचा पर्याय बंद ठेव आणि पट्टीनं तपास. नेहमीच्या आकाराच्या स्विचसाठी, म्हणजे बटणाखालच्या कळीसाठी, दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९.०५ मिलिमीटर भरायला हवं. त्या चित्रावर खुणांचा कागद ठेवून उजेडात धर. करंगळी बरीच खाली येत असेल तर किरिया किंवा फेरिससारखे, करंगळीची रांग चांगली खाली उतरवलेले आराखडे बघ. हात लहान असेल तर चॉक नावाचे बसके स्विच आहेत. त्यांच्यासाठी बटणं आडवी १८ आणि उभी १७ मिलिमीटरवर बसवता येतात. आपल्यापैकी अनेकींना त्या एक-दोन मिलिमीटरचा फरक दिवसाअखेर जाणवतो.

अंगठ्याकडे विशेष लक्ष दे. कागदावर अंगठा सहज जिथे पडला, तिथेच त्याचं मुख्य बटण हवं. तळव्याखाली आत ओढून दाबायचं किंवा लांब ताणून दाबायचं बटण रोजच्या कामाला नको. करंगळीचा भार काढायचा म्हणून सगळं अंगठ्यावर टाकलं, तर दुखणं फक्त जागा बदलतं. अंगठ्याला दोन, फार तर तीन बटणं पुरेत.

बटणं किती असावीत, हा प्रश्न आपल्या मराठीसाठी फार महत्त्वाचा आहे, आणि परदेशी आराखडे बनवणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला नसतो. तू उच्चारानुसार रोमन अक्षरांतून मराठी उमटवत असशील, तर ४२ बटणांचा कॉर्नही चालेल. पण इनस्क्रिप्ट ही थेट देवनागरी अक्षरांची मांडणी वापरत असशील तर थांब. इनस्क्रिप्टमध्ये ड-ढ हे उजव्या टोकाच्या चौकोनी कंसाच्या बटणावर आहेत, नुक्ता आणि ञ त्याच्या शेजारी, ऋकाराचं चिन्ह बरोबरच्या खुणेवर, ॉ उलट्या तिरक्या रेघेवर. कॉर्नवर ही बटणंच नाहीत. ती दुसऱ्या थरात, म्हणजे आधी वेगळं बटण धरल्यावरच मिळणाऱ्या अक्षरांत, जातात. ‘गाडी’, ‘वडील’, ‘आवड’ लिहिताना दर वेळी थर बदलायचा म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. म्हणून इनस्क्रिप्टवालीनं पहिला कीबोर्ड ५८ बटणांचा, आकड्यांच्या ओळीसकटचा घ्यावा. लिली५८ किंवा सोफल घे. लिली५८मध्ये तर आतल्या बाजूला दोन जादा बटणं आहेत, आणि त्यांवर मुळातच चौकोनी कंस दिलेले असतात. म्हणजे ‘ड’ करंगळीकडून तर्जनीकडे येतो.

आणखी एक गंमत बघ. ‘च्या’ हे आपल्या जवळपास प्रत्येक वाक्यात येतं. इनस्क्रिप्टमध्ये ‘च’ उजव्या करंगळीवर, हलन्त डाव्या मधल्या बोटावर, ‘य’ परत उजव्या करंगळीवर, काना परत डाव्या मधल्या बोटावर. ‘ज’ आणि ‘ट’ही त्याच करंगळीच्या वाट्याला. मराठी लिहिणारीची उजवी करंगळी का ठणकते, त्याचं हे एक सरळ कारण. आपण बनवलेल्या कीबोर्डमध्ये याला उपाय आहे. कीबोर्ड संगणकाला फक्त ‘अमुक बटण दाबलं’ एवढंच कळवतो, आणि अक्षर संगणक ठरवतो. तेव्हा त्या चार दाबण्यांचा एक मॅक्रो करून एका बटणावर ठेव. इनस्क्रिप्ट चालू असताना ते बटण दाबलं की ‘च्या’ उमटतं.

शिफ्टचंही तसंच. आपल्याला महाप्राण अक्षरांना, ण-ळ-श ला आणि शब्दाच्या सुरुवातीच्या अ-आ-इ-ए ला शिफ्ट लागते. इंग्रजी लिहिणाऱ्यांपेक्षा आपला शिफ्टचा वापर कितीतरी जास्त. म्हणून शिफ्ट अंगठ्याखाली घे. क्यूएमके या कीबोर्डमध्ये भरायच्या प्रोग्रॅममध्ये एकदा दाबून सोडली की पुढच्याच अक्षराला लागू होणारी शिफ्ट ठेवता येते. बटण क्षणभर जास्त दाबलं तर आपोआप शिफ्टचं अक्षर यावं, अशीही सोय आहे. मग ‘क’ जरा दाबून धरला की ‘ख’.

स्विचबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. मी तुला थोडक्यात सांगते. मुख्य प्रकार तीन: सरळ खाली जाणारे, मध्ये हलका अडथळा जाणवणारे आणि टक्‌ आवाज करणारे. टक्‌ आवाजाचे घरी नकोत. शेजारी बाळ झोपलेलं असतं, आपल्याला मीटिंगमध्ये बोलायचं असतं. चेरीचा लाल स्विच सुमारे ४५ ग्रॅमला दाबला जातो, काळा सुमारे ६०ला. दोन मिलिमीटर खाली गेला की अक्षर उमटतं, तळ चार मिलिमीटरवर. म्हणजे प्रत्येक वेळी तळाला आपटायची गरजच नाही. बोटं दुखरी असतील तर ३५-४५ ग्रॅमच्या आसपास राहा. त्याहून हलका घेतला तर बोट नुसतं टेकवलं तरी अक्षरं पडतात, आणि मग आपण नकळत बोटं हवेत धरून ठेवतो. तोही ताणच. सगळे एकदम विकत घेऊ नकोस. वेगवेगळे सात-आठ नमुन्याचे स्विच मागव, आठवडाभर टेबलावर ठेव, दाबत राहा. आणि सर्किट बोर्डवर हॉटस्वॉप सॉकेट लागत असतील असाच आराखडा घे, म्हणजे पुढे मन बदललं तर स्विच ओढून काढता येतात. कीकॅप सगळ्या ओळींना एकाच उंचीच्या घे, डीएसए किंवा एक्सडीए. मग कुठलंही बटण कुठेही हलवता येतं.

आता जोडणी. घाबरू नकोस, हे काम आपल्या हातांना छान जमतं. सोल्डरिंगचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत मिळतं. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न घे, त्यावर काटकसर नको. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली तार १८३ अंशांना वितळते, आयर्नचं टोक साधारण ३२० ते ३५०वर ठेव. आधी एखाद्या भंगार बोर्डवर हात बसव. टोकानं बोर्डवरचा गोल आणि भागाची तार दोन्ही एकदम तापव, मग कथलाची तार लाव. डाग चकचकीत आणि उताराचा दिसला पाहिजे. गोळा झाला तर नीट धरलेला नाही. खिडकी उघडी ठेव, धूर तोंडावर घेऊ नकोस, काम संपलं की साबणानं हात धू, त्या टेबलावर खाणं नको. दिवस गेले असतील किंवा घरात रांगतं मूल असेल तर बिनशिशाचीच तार वापर. तिला उष्णता जास्त लागते, एवढंच.

दोन्ही भागांचे बोर्ड बहुतेक वेळा एकसारखेच असतात, एक नुसता उलटा वापरायचा. म्हणून काम सुरू करण्याआधी दोन्ही समोरासमोर ठेवून चिकटपट्टी लाव आणि तिच्यावर ‘डावा’, ‘उजवा’, ‘वर’ असं लिही. मग डायोड. प्रत्येक बटणाला एक लागतो. बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत जोडलेली असतात. डायोड नसले तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांची बटणं एकदम दाबल्यावर न दाबलेलं चौथंही उमटतं. डायोडवरची काळी रेघ बोर्डवरच्या रेघेच्या बाजूलाच यायला हवी. कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारी छोटी पाटी, बसवण्याआधी केबल लावून तो चालतो का, त्यात प्रोग्रॅम भरता येतो का, ते बघ. सॉकेट लावून झाली की चिमट्यानं दोन टोकं जोडून प्रत्येक जागा तपास आणि मगच स्विच बसव. दोन भाग जोडणारी ऑडिओसारखी पिन असेल, तर यूएसबी चालू असताना ती कधीही काढू-घालू नकोस. आत जाताना तिच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि कंट्रोलर जळू शकतो. पहिला कीबोर्ड वायरचाच कर. बिनतारी करण्यातली बॅटरी आणि वीज वाचवण्याची कामं दुसऱ्या खेपेला शीक.

खर्चाचं सांगते. बोर्ड छापून देणारे कारखाने बहुधा कमीत कमी पाच नग देतात. एकटीनं घेऊ नकोस, चार मैत्रिणी शोध. पाठवणावळ आणि जकात वाटून घेतली की परवडतं, आणि एकमेकींच्या चुका पकडायला माणसं मिळतात.

शिकण्याचा काळ कठीण असतो, तो मनाशी धरूनच चाल. सुरुवातीला वेग निम्म्यावर येतो. काम तुंबलेल्या आठवड्यात बदल करू नकोस. जुना कीबोर्ड शेजारी असू दे, रोज वीस मिनिटं नव्यावर घाल, बाकी वेळ जुन्यावर. एका वेळी एकच बदल कर. आधी नेहमीचीच अक्षररचना, फक्त दोन भाग आणि उभ्या रांगा. त्या बोटांत बसल्या की चिन्हांचा थर. मग अंगठे. मधल्या ओळीतलं अक्षर दाबून धरलं की कंट्रोल किंवा शिफ्ट, हा प्रकार अगदी शेवटी. त्यात ‘दाबणं’ आणि ‘दाबून धरणं’ यांतली सीमा मुळात २०० मिलिसेकंदांची दिलेली असते, ती तुझ्या लयीप्रमाणे कमी-जास्त करावी लागेल. कोलमॅक किंवा ड्वोरॅक या वेगळ्या अक्षररचनांकडे इतक्यात वळू नकोस. वळलीसच तर एवढं ध्यानात ठेव, की कीबोर्डमध्येच कोलमॅक भरलं तर इनस्क्रिप्टची अक्षरंही विस्कटतात. मराठीसाठी नेहमीच्या क्वर्टी रचनेचा एक वेगळा मूळ थर ठेवावा लागतो.

आणि टेबल विसरू नकोस. आपल्याकडे बऱ्याच जणी जेवणाच्या टेबलावर काम करतात. ते साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं, टायपिंगला बहुतेकींना उंचच पडतं. खुर्ची वर घे, कोपरं बटणांच्या पातळीला आण, आणि पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेव. आतली कड उचलताना हळूहळू उचल. एकदम चढ दिलास तर मनगट अधांतरी राहून थकतं. टाइप करताना मनगट कशावर दाबून ठेवू नकोस. विसावा घ्यायला टेकू ठीक आहे, काम करायला नाही. आणि दर अर्ध्या तासानं ऊठ. कितीही सुरेख कीबोर्ड असला तरी उठण्याची बरोबरी तो करत नाही.

एवढं सगळं ऐकून ‘इतका खटाटोप कशाला’ वाटलं, तर तयार विभागलेला कीबोर्ड घे. त्यात काही कमी नाही. पण बनवायचंच ठरवलंस, तर पुढची अनेक वर्षं एखादं बटण बोचलं की ते हलवणं तुझ्याच हातात राहील, आणि तेवढ्यासाठी हे कष्ट करावेत असं माझं ठाम मत आहे. तेव्हा आज काही मागवू नकोस. आज फक्त कागद घे, डोळे मीट आणि हाताचं माप काढ. आराखडा ठरला की मला कळव, पहिला डाग द्यायला मी शेजारी बसेन.